ध्वनिमुद्रकाची सनद

जुन्या तबकड्यांचे डिजिटल रूपांतर करून देण्याची तयारी मी एका संग्रहालयाकडे दाखवली, तेव्हा पहिलाच प्रश्न आला, ‘आपण ध्वनिमुद्रणाचा कोणता अभ्यासक्रम केला आहे?’ केलेला नव्हता. काम मिळाले नाही. राग निवल्यावर मात्र प्रश्न रास्त वाटू लागला. या धंद्यात व्यावसायिक म्हणायचे तरी कोणाला?

नोव्हेंबर 1902 मध्ये कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित करणारा फ्रेड गेस्बर्ग मूळचा पियानोची साथ करणारा. एमिल बर्लिनरच्या हाताखाली उमेदवारी करून तो तयार झाला. ग्रामोफोन कंपनीत अशा माणसाला ‘एक्स्पर्ट’ म्हणत. मायक्रोफोन नव्हताच. गायकाने कर्ण्यात गायचे. आवाजाने पडदा थरथरे आणि सुई मेणावर रेघ कोरी. तान चढली की गायकाला मागे सरकवायचे, मंद्रात उतरला की पुढे. मेण वाजवून पाहावे, तर ती कोवळी रेघच बिघडे. म्हणून पसंत केलेले मुद्रण न ऐकताच जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जाई. तबकड्या छापून येईपर्यंत एक्स्पर्ट पुढच्या देशात पोचलेला असे. कानांनी त्या क्षणीच निवाडा करायचा आणि नंतर त्याची जबाबदारी घ्यायची, हीच त्याची सनद.

1925 नंतर विद्युत मुद्रण आले. कानाच्या जोडीला विजेचे ज्ञान लागू लागले. पुण्यात 1960 साली फिल्म इन्स्टिट्यूट निघाली, तिथे हा विषय रीतसर शिकवला जातो. हे शिक्षण मी कमी लेखत नाही. ते न मिळाल्यामुळे माझी कित्येक वर्षे चाचपडण्यात गेली.

पण जुन्या तबकड्यांपुरता मी एकच प्रश्न विचारतो : वेग कसा ठरवला? त्या काळी मिनिटाला 78 फेऱ्या हा काटेकोर नियम नव्हता. 74 फेऱ्यांवर मुद्रित केलेली तबकडी 78 वर वाजवली, तर काळी एकमधली गायिका जवळजवळ पांढरी दोनमध्ये गाऊ लागते, लयही चढते. आणि ऐकणारा त्यालाच तिचा आवाज समजतो.

पुढे त्याच संग्रहालयाने मला एक नमुना ऐकवला. पदवीधर तंत्रज्ञाने केलेला. सरसकट 78 चा वेग, खरखर पुरती काढलेली, आणि तिच्याबरोबर सारंगीची धारही गेलेली. मूळ, न स्वच्छ केलेली फाइल जपून ठेवली आहे का, असे मी विचारले.

ठेवलेली नव्हती.