हेडफोनचा आवाज कमी का येतो?

आता घरोघरी मुलांचा अभ्यास संगणकावरही चालतो. शाळेचा धडा असो की तजवीदचा ऑनलाइन सबक, हेडफोन लागतोच. थोड्या दिवसांत तक्रार सुरू होते, "अम्मी, उस्तादांचा आवाज नीट येत नाही." मग आपण आवाजाची पट्टी शंभरावर नेतो, नाहीतर नवा हेडफोन आणतो. आम्ही शिक्षक मंडळींनी पाहिले आहे की पुष्कळदा हेडफोन चांगलाच असतो, आवाज वाटेत कुठेतरी अडलेला असतो. ती वाट क्रमाने तपासली तर पैसे वाचतात आणि मुलांचे कानही जपले जातात.

सर्वांत आधी तोच हेडफोन मोबाइलला लावून पाहावा. तिथेही आवाज बारीक असेल तर दोष हेडफोनमध्ये आहे. जाळीवर कानातला मळ साचला असेल तर कोरड्या, मऊ ब्रशने हलकेच झटकावा. पाणी किंवा सुई वापरू नये. वायरवर आवाजाचे छोटे चाक असेल तर तेही पाहावे. मोबाइलवर आवाज ठीक असेल तर संगणकाकडे वळावे. पिन पूर्ण आत गेली आहे ना, हे बघावे. टेबलावरच्या संगणकात पुढच्या छिद्रातून आवाज कमी येत असेल तर मागच्या हिरव्या छिद्रात लावून पाहावे.

दुसरी गोष्ट म्हणजे आवाजाच्या पट्ट्या अनेक असतात. विंडोजची मुख्य पट्टी पूर्ण असली तरी प्रत्येक प्रोग्रॅमची पट्टी वेगळी असते. खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर उजवे बटण दाबून 'व्हॉल्यूम मिक्सर' उघडला की त्या सगळ्या दिसतात. यूट्यूबच्या चौकटीत आणखी एक पट्टी असते.

तिसरे कारण सहसा लक्षात येत नाही. क्लास चालू असताना मुलाने तिलावतीचे रेकॉर्डिंग लावले की ते एकदम बारीक होते. फोनवर बोलणे चालू आहे असे समजून विंडोज इतर आवाज 80 टक्के कमी करते. सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड, मोअर साउंड सेटिंग्ज असे जाऊन 'कम्युनिकेशन्स' या पानावर 'डू नथिंग' निवडावे.

चौथे, ब्लूटूथ. क्लासमध्ये हेडफोनचाच माइक वापरला की अनेक हेडफोन बोलण्याच्या पद्धतीवर जातात आणि आवाज दबका, गुदमरल्यासारखा येतो. 'स'सारखे तीक्ष्ण ध्वनी त्यात पुसट होतात. सीन आणि साद यांतला फरक शिकणाऱ्या मुलाचे यात मोठे नुकसान होते. क्लासच्या प्रोग्रॅममध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडावा, किंवा सरळ वायरचा हेडफोन वापरावा.

काही प्रोग्रॅम आवाज शंभराच्याही पुढे नेतात. व्हीएलसीची पट्टी 125 टक्क्यांपर्यंत जाते. रेकॉर्डिंगच बारीक असेल तर तिचा उपयोग होतो. पण पट्टी तिथेच राहिली तर पुढचे रेकॉर्डिंग कानावर आदळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्यांनी 80 डेसिबलचा आवाज आठवड्यात 40 तासांपेक्षा जास्त ऐकू नये. मुलांसाठी ही मर्यादा 75 डेसिबल आहे. आवाज वाढला की सुरक्षित वेळ झपाट्याने घटते. सूरह लुकमानमध्ये पिता पुत्राला बोलताना आवाज धीमा ठेवायला शिकवतो. ऐकतानाही तोच अदब पाळला तर कान ही अल्लाहची अमानत शाबूत राहील.

एवढे करूनही एकच मूल "कमी ऐकू येते" म्हणत असेल तर तोच हेडफोन, पट्टी न हलवता, भावंडाला द्यावा. त्याला नीट ऐकू आले तर संगणकाला दोष देणे थांबवावे आणि मुलाला कानाच्या डॉक्टरांकडे न्यावे. साधा मळ निघेल किंवा उपचाराची गरज असेल. वेळेत कळणे महत्त्वाचे. एका कानाने कमी ऐकणाऱ्यासाठी विंडोजच्या 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'मध्ये 'मोनो ऑडिओ' ही सोय आहे. तिने दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र येतो, काही सुटत नाही.

वर्गात 'लक्ष देत नाही' असा शिक्का बसलेल्या मुलाला कधी कधी ऐकूच येत नसते. म्हणून हेडफोनच्या तक्रारीवर रागावण्याआधी घरी ही तपासणी जरूर करावी.