स्टँडबाय स्विचमागचे साडेचारशे व्होल्ट

पापडी, निर्मळपासून आगाशीपर्यंत वसई पट्ट्यात लग्न म्हटलं की वाजवणारे आलेच. चर्चमधलं गायन आणि लग्नातला बँड यांवर इथल्या कितीतरी पिढ्यांचा कान तयार झाला. अशा भागात जुन्या व्हॉल्व्हच्या गिटार ॲम्प्लिफायरची ओढ वाटली तर नवल नाही. पण त्याच्या पॅनेलवरचा एक स्विच नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्याच्या वायरिंगमध्ये जीव घेण्याइतका विद्युतदाब असतो.

लिओ फेंडर मुळात रेडिओ मेकॅनिक. १९३८ साली त्यांनी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. १९५०च्या दशकाअखेरच्या त्यांच्या ‘बेसमन’ ॲम्प्लिफायरला मेन स्विचच्या जोडीला स्टँडबाय होता, म्हणजे फिलामेंट तापतं ठेवून व्हॉल्व्हचा उच्च दाब (हाय टेन्शन) तोडणारा स्विच. लंडनला जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ साली जन्मलेला ‘जेटीएम ४५’ याच बेसमनवर बेतलेला, आणि स्टँडबायही त्याच्याबरोबर आला. ‘आधी फिलामेंट तापू द्या, मग हाय टेन्शन द्या, व्हॉल्व्ह जास्त टिकतात’ हा समज तेव्हापासून रुजला आहे. मोठ्या ट्रान्समीटरमधल्या पाऱ्याच्या रेक्टिफायरबाबत हा नियम खराच होता. गिटार ॲम्पमधल्या छोट्या व्हॉल्व्हना त्याची गरज नाही. ब्रिटिश लेखक मर्लिन ब्लेनको यांनी हे सविस्तर मांडलं आहे आणि मला ते पटतं. उलट फिलामेंट तापवून हाय टेन्शन तासन्‌तास बंद ठेवलं, तर कॅथोड हळूहळू निकामी होतो.

अशा ॲम्पमधला जीझेड ३४ हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह सावकाश तापतो, त्यामुळे दाबही आपसूक सावकाश चढतो. स्टँडबाय त्याच्या आणि पहिल्या फिल्टर कंडेन्सरच्या मधे असेल तर ही सोय जाते. तापलेला रेक्टिफायर रिकाम्या कंडेन्सरवर एकदम जोडला जातो, करंटचा लोंढा उसळतो आणि आत ठिणगी पडू शकते. या व्हॉल्व्हला ६० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा पहिला कंडेन्सर देऊ नये, असं उत्पादकाच्याच माहितीपत्रकात आहे. दुरुस्तीत ‘मोठा तेवढा चांगला’ म्हणून शंभरचा टाकला की धोका आणखी वाढतो.

दुसरी गोष्ट स्विचची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या साध्या टॉगलवर २५० व्होल्ट एसी लिहिलेलं असतं. घरच्या ५० हर्ट्झच्या एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. साडेचारशे व्होल्ट डीसीला ती विझायला संधीच मिळत नाही. संपर्कबिंदू जळतात, कधी चिकटून बसतात. वसईच्या खाऱ्या, दमट हवेत जुने संपर्क आधीच खराब झालेले असतात.

स्टँडबाय ठेवायचाच असेल, तर पहिल्या कंडेन्सरच्या पुढे, पुरेशा डीसी दाबाचा स्विच घालावा आणि त्याला समांतर १०० किलोओहमचा, ५ वॉटचा रेझिस्टन्स जोडावा. ४५० व्होल्टला त्यावर जास्तीत जास्त दोन वॉटच उष्णता निघते. स्विच स्टँडबायवर असतानाही थोडा करंट वाहत राहतो, त्यामुळे कॅथोड निकामी होण्याची भीती टळते. पुढचे कंडेन्सरही आधीच काहीसे भरलेले असल्याने स्विच चालू करताना झटका कमी बसतो.

पहिल्या कंडेन्सरवर कायमचा २२० किलोओहमचा, तीन वॉटचा ब्लीडर, म्हणजे साठा रिकामा करणारा रेझिस्टन्स, मात्र हवाच. ५० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमध्ये ४५० व्होल्टला सुमारे पाच ज्यूल ऊर्जा साठते. ब्लीडर तो दाब मेन बंद केल्यावर मिनिटाभरात काही व्होल्टवर आणतो. ब्लीडर नसेल आणि ॲम्प स्टँडबायवर असताना मेन बंद केला, तर व्हॉल्व्हमधून साठा रिकामा होत नाही. प्लग काढल्यावरही चॅसीमध्ये तो दाब राहतो. म्हणून ब्लीडर असला तरी हात घालण्यापूर्वी मीटरने मोजाच.

अमेरिकन दोन-पिनी ॲम्प इथे २३० व्होल्टवर थेट कधीच लावू नये. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच, आणि ६० हर्ट्झसाठी बनवलेला ॲम्पमधला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो. मेनमधून चॅसीला जोडलेला जुना कंडेन्सर काढून टाका आणि थ्री-पिन प्लगने चॅसी पक्की अर्थ करा. तो कंडेन्सर शॉर्ट झाला, तर अर्थ नसलेल्या चॅसीमधून गिटारच्या तारांवर मेनचा दाब येतो. पावसाळी मांडवात ओल्या पायांनी उभ्या असलेल्या वादकाला तो पुरे.

वसईतल्या मेकॅनिकांना आणि वादकांना विनंती: सर्किट वाचता येत नसेल तर स्टँडबायच्या वायरिंगला हात लावू नका, तो स्विच चालू (हाय टेन्शन जोडलेल्या) स्थितीत ठेवून मेनवरूनच ॲम्प चालवा. आवाजात काहीही फरक पडत नाही.