रोगवाहक मांजरांचा निवारा

रस्त्यावरून आणलेल्या मांजराचे रक्त तपासावे आणि त्यात विषाणू आढळावा, असे प्राण्यांच्या आश्रयगृहांत वारंवार घडते. पूर्वी अनेक ठिकाणी अशा मांजराला तत्काळ मारून टाकीत. केवळ चाचणीच्या उत्तरावरून तसे करू नये, असे पशुवैद्यांचे आजचे मत आहे. मग त्याला ठेवावयाचे कोठे? याचे उत्तर विषाणूच्या प्रवासमार्गात आहे.

विल्यम जॅरेट व त्यांचे सहकारी १९६४ मध्ये ग्लासगो येथे मांजरांच्या लसिकापेशींच्या कर्करोगाचा अभ्यास करीत होते. एकाच घरातील अनेक मांजरांना तो झाला होता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना विषाणूसदृश कण दिसले. हाच मार्जार-रक्तकर्करोगाचा विषाणू. तो मुख्यतः लाळेतून पसरतो. मांजरे परस्परांना चाटतात, एका ताटलीत खातात. म्हणजे त्यांचा सलोखाच येथे घातक ठरतो! म्हणून असे मांजर एकटे, अथवा त्याच विषाणूने बाधित अशा सोबत्याबरोबर ठेवावे. शरीराबाहेर हा विषाणू फार काळ तग धरीत नाही व साबणाने नष्ट होतो; तेव्हा निराळी खोली, निराळी भांडी आणि धुतलेले हात एवढ्याने काम भागते.

दुसरा विषाणू मांजराची प्रतिकारशक्ती क्षीण करणारा. नील्स पेडरसन आणि जेनेट यामामोटो यांनी तो १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील पेटालुमा गावच्या मांजरांत शोधून काढला. तेथे मांजरे निरनिराळ्या कोंडवाड्यांत ठेवलेली होती आणि आजार जवळजवळ सगळा एकाच कोंडवाड्यात होता. हा विषाणू प्रामुख्याने भांडणातील खोल चाव्यावाटे जातो. त्यामुळे खच्ची केलेला शांत बोका निरोगी पण न भांडणाऱ्या मांजरांसह बहुधा निर्धास्त राहू शकतो. मराठीत आपण दोन्ही रोगांना सरसकट ‘संसर्गजन्य’ म्हणतो व तेथेच घोटाळा होतो.

चाचणीचे उत्तरही सावधपणे वाचावे लागते. दुसऱ्या रोगाच्या नेहमीच्या चाचणीत विषाणू नव्हे, तर त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे शोधतात. पिलाच्या अंगी ती आईच्या दुधातून आलेली असू शकतात. म्हणून सहा महिन्यांखालील पिलाची पुढे फेरतपासणी करतात. एकाच चाचणीवर विसंबल्यास निरोगी पिलू जन्मभर रोगी ठरावयाचे. रक्तकर्करोगाच्या विषाणूचे निदानही पुन्हा तपासून पक्के करतात.

नव्या मालकाला सर्व वस्तुस्थिती आधी सांगावी. माणसाला या दोहोंपैकी कोणताही विषाणू बाधत नाही, हेही त्याला सांगावे. घरात मूल असले की हा प्रश्न हटकून येतो. पहिल्या विषाणूची मांजरे पुष्कळदा काही वर्षांतच दगावतात; दुसऱ्याची अनेक मांजरे वृद्धत्व गाठतात. दोघांनाही कच्चे मांस देऊ नये, बाहेर मोकळे सोडू नये आणि सहा महिन्यांनी पशुवैद्याकडे न्यावे. खिडकीला जाळी बसवलेली असली, की मांजर तेथे बसून दिवसभर रस्ता पाहते.