पाठीवरील पुटकुळ्या आणि चिठ्ठीविना घेतलेली ट्यूब

बेळगावात खडेबाजार दोन आहेत, एक शहराच्या मध्यभागी व दुसरा शहापुरास. ‘खडेबाजारात भेटू’ असे एकमेकांस सांगून गावची माणसे दोन निरनिराळ्या ठिकाणी वाट पाहत उभी राहतात, याचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. लग्नसराईत या पेठेत पाऊल ठेवण्यास जागा नसते. अशाच गर्दीत काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब लेकीच्या लग्नाचा पांढरा झगा घेण्यास गेले होते. झग्याचा गळा पाठीकडून उतरता होता. तो अंगावर घालून पाहताना आईस लेकीची पाठ कित्येक वर्षांनी प्रथमच नीट दिसली, आणि ती माउली दचकली. मानेपासून खांद्यांपर्यंत पुटकुळ्या, काही पिकलेल्या, काहींचे नुसतेच काळे डाग राहिलेले. मुलगी तेथेच रडू लागली. ही गोष्ट तिने चार वर्षे घरातही कोणास कळू दिली नव्हती. परतताना त्यांनी एका औषधाच्या दुकानातून, डॉक्टरांच्या चिठ्ठीविना, एक ट्यूब विकत घेतली. तिची हकिकत पुढे येईलच.

लपविण्यासारखे यात काय होते, असा प्रश्न आम्हांस पडतो. परंतु आपल्या समाजात अंगावर काही उठले की त्याचा संबंध मनुष्याच्या वागणुकीशी जोडण्याची खोड फार जुनी आहे. जुन्या करारातील इयोबाच्या सर्वांगावर फोड उठले, तो राखेत बसून खापरीने अंग खाजवू लागला, आणि त्याचे मित्र त्याचे पाप शोधू लागले. देवाने अखेर रागावून दोष दिला तो त्या मित्रांना. आमच्या खेड्यांतील आत्याबाई मुलीकडे पाहून ‘अंगात उष्णता फार’ किंवा ‘मनात भलते विचार’ असे म्हणतात, तेव्हा त्याही याच मित्रमंडळीत जाऊन बसतात.

खरे कारण साधे आहे. वयात येताना शरीरात जी संप्रेरके वाढतात, त्यांमुळे कातडीतील तैलग्रंथी अधिक तेल पाझरू लागतात. या ग्रंथी तोंडावर, छातीवर आणि पाठीच्या वरच्या भागावर विपुल असतात. तेल आणि मृत कातडी मिळून रंध्राचे तोंड बुजते, आत जंतू वाढतात व पुटकुळी सुजते. अस्वच्छता हे त्याचे कारण नव्हे. म्हणून काथ्याने अथवा वज्रीने पाठ घासणाऱ्या मुलांनी तो उद्योग थांबवावा. घासल्याने सूज वाढते; फोडल्याने व्रण राहतो.

आयांना एक गोष्ट सांगितली तर त्या रागावतील, पण सांगतो. केसांना चपचपीत तेल लावून वेणी पाठीवर सोडली की ते तेल झिरपून पाठीवर उतरते आणि रंध्रे बुजविते. तेल बेताने लावावे, वेणी बांधून वर घ्यावी, आणि न्हाताना केस धुऊन झाल्यावर शेवटी पाठ साध्या साबणाने हलकेच धुवावी. शेतातून घामेजून आलेल्या मुलाने सदरा लगेच बदलावा. नायलॉनच्या घट्ट कपड्यापेक्षा सैल सुती कपडा बरा. दप्तराचे पट्टे जेथे घासतात तेथेही पुटकुळ्या उठतात.

एवढ्याने न भागल्यास बेंझॉइल पेरॉक्साइड नावाचे मलम उपयोगी पडते. ते अडीच किंवा पाच टक्क्यांचे घ्यावे, प्रथम एका दिवसाआड पातळ लावावे, आणि अंगात जुनी पांढरी बनियन घालावी, कारण ते रंगीत कापडाचा रंग उडविते. गुण येण्यास 8 ते 12 आठवडे लागतात. आपली माणसे आठव्या दिवशीच औषध टाकून देतात, ही खरी अडचण.

आता त्या ट्यूबकडे वळू. तिच्यात तीव्र स्टिरॉइड होते. पहिल्या तीन-चार दिवसांत लाली ओसरली व घरात आनंद झाला. तिसऱ्या आठवड्यात पाठभर बारीक, एकसारख्या पुटकुळ्या उठल्या आणि कमरेशी असलेला लहानसा नायटा वाढून ताटलीएवढा झाला. स्टिरॉइड सूज दाबते, पण त्याबरोबर कातडीची प्रतिकारशक्तीही दाबते. बुरशीला ते मोकळे रानच होय. कातडी पातळ होते ती वेगळीच. 2018 साली केंद्र शासनाने अशा अनेक मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद करण्याचा नियम केला. तो कितपत पाळला जातो, हे वाचकांस आमच्याहून अधिक ठाऊक आहे.

पाठीवरील प्रत्येक डाग पुटकुळीचा नसतो, हेही ध्यानात असावे. पांढुरकी, बारीक कोंडा निघणारी शिबे ही बुरशीची असतात व औषधाने सहज जातात. पण फिकट किंवा तांबूस चट्टा असेल आणि तेथे स्पर्श वा ऊन-गार कळत नसेल, तर ते कुष्ठरोगाचे चिन्ह असू शकते. संत डेमियन 1873 मध्ये मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांकडे गेले. पुढे स्वतःच्या पायास कढत पाणी लागूनही जाणवले नाही, तेव्हा त्यांनी आपला रोग ओळखला. 1889 मध्ये ते वारले, कारण त्या काळी औषध नव्हते. आज सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते आणि सहा महिने ते वर्षभरात रोग बरा होतो. पाठ स्वतःची स्वतःला दिसत नाही. तेव्हा घरच्यांनी ती पाहावी.

त्या मुलीस आम्ही त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे पाठविले. त्यांनी पहिला प्रश्न लग्नाच्या तारखेचा विचारला. आईस तो आगाऊपणा वाटला. वस्तुतः तो फार महत्त्वाचा होता. मोठ्या, खोल गाठींवर आयसोट्रेटिनॉइन नावाच्या गोळ्या देतात. त्या घेत असताना, आणि बंद केल्यानंतर एक महिनाभर, गर्भ राहिल्यास बाळास गंभीर व्यंग येण्याचे भय असते. लग्न ठरलेल्या मुलीने ही गोष्ट डॉक्टरांपासून कधीही लपवू नये, आणि दुसऱ्याच्या गोळ्या उसन्या घेऊ नयेत. डॉक्टरांनी या मुलीस गोळ्या दिल्या नाहीत. ट्यूब बंद केली, आधी नायट्याचे औषध दिले, मग पुटकुळ्यांचे.

हे भस्म बुधवारच्या सुमारास घडले. उपवासकाळात आपल्याकडे लग्ने करीत नाहीत, त्यामुळे पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या तारखेपर्यंत आठ-नऊ आठवडे मिळाले. लग्नाच्या दिवशी पाठीवर नवी पुटकुळी क्वचितच होती. जुने काळे डाग मात्र बरेच होते, ते जाण्यास आणखी कित्येक महिने लागतात. झग्याच्या पाठीस शिंप्याकडून जाळीचा तुकडा लावून घ्यावा, असा आईचा आग्रह होता. मुलीने तो लावू दिला नाही.