पुरुष हवेत, पण कशाला?

चर्चमध्ये बायकाच जास्त, ही तक्रार सव्वातीनशे वर्षांची आहे. बॉस्टनचे धर्मोपदेशक कॉटन मॅदर यांनी १६९२ साली स्त्रियांसाठी लिहिलेल्या पुस्तकात ती नोंदवून ठेवली: घरापासून मैलभराच्या आतल्या एका मंडळीत तीन-चारशे सभासद, त्यांत पुरुष शंभराच्या किंचित वर. हे प्युरिटनांचे बॉस्टन. रविवारी चर्चला न जाणे हा तिथे दंडाचा विषय होता, तरी ही गत. मॅदरना त्याचे फार दुःख झालेले दिसत नाही. बाळंतपणात मरण उशाशी येऊन बसते, म्हणून बाई देवाला धरून राहते, असा खुलासा करून ते पुढे गेले.

पुढच्यांना मात्र ते इतक्या शांतपणे घेता आले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंड-अमेरिकेच्या प्रॉटेस्टंट जगात दर पिढीला कुणीतरी घाबरून उठते, धर्म बायकी झाल्याची हाकाटी करते आणि पुरुषांना परत आणायची मोहीम काढते. गर्दी जमते, ओसरते, आणि बाक होते तसेच राहतात. दीडशे वर्षांत ना निदान बदलले, ना औषध.

इंग्लंडात त्या औषधाला १८५७ साली नाव मिळाले, 'मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी'. चार्ल्स किंग्जली या पाद्री-कादंबरीकाराच्या पुस्तकाचे परीक्षण करताना टी. सी. सँडर्स यांनी ते काहीसे थट्टेने वापरले. किंग्जलींना ते रुचले नाही. त्यांचे मित्र टॉमस ह्यूज यांनी मात्र ते आनंदाने मिरवले. ह्यूज यांची 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' ही कादंबरी त्याच वर्षीची. मैदान गाजवावे, चार ठोसे खावेत, दोन द्यावेत, दुबळ्याची पाठ राखावी, यातून ख्रिस्ताचा माणूस घडतो अशी या मंडळींची श्रद्धा होती. दोघेही ख्रिस्ती समाजवादी, मजुरांच्या बाजूने उभे राहिलेले. पण ही शिकवण साम्राज्याच्या हाती पडली तेव्हा मजुरांची कणव गळून गेली आणि दंडाच्या बेटकुळ्या तेवढ्या उरल्या.

श्रीनगरचे मिशनरी हेडमास्तर सेसिल टिंडेल-बिस्को हे त्याचे ठळक उदाहरण. १८९० च्या सुमारास ते काश्मिरात आले. शाळेत बहुतेक मुले पंडितांची. साहेबाने चामड्याचा फुटबॉल आणला, विटाळाच्या भीतीने मुले त्याला पाय लावीनात. शेवटी काठ्यांच्या धाकात सामना झाला. पुढे हीच मुले पोहायला, होड्या वल्हवायला शिकली आणि बुडणाऱ्यांना वाचवू लागली, हे खरे. पुरुषासारखे वागा, हे शाळेचे ब्रीद. ख्रिस्ती मात्र त्यांतून जवळजवळ कुणी झाले नाही.

वायएमसीएची, म्हणजे तरुणांच्या ख्रिस्ती संघटनेची, कथा याहून बोलकी. १८४४ च्या जूनमध्ये लंडनमधल्या एका कापडदुकानातल्या जॉर्ज विल्यम्स या तरुण नोकराने सोबत्यांना घेऊन ती काढली, ती बायबल वाचायला आणि प्रार्थना करायला. दुकानातले नोकर दिवसभर राबून दुकानाच्याच माडीवर झोपत. संध्याकाळी जायला गुत्त्याखेरीज जागा नसे. अमेरिकेत पोचल्यावर संस्थेला व्यायामशाळा फुटल्या. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी पीचच्या टोपल्या टांगून बास्केटबॉल शोधला. नेस्मिथ मुळात धर्मशास्त्र शिकलेले. चार वर्षांनी होलिओकच्या वायएमसीएत विल्यम मॉर्गन यांनी व्हॉलीबॉल आणला. मुंबईत वायएमसीए १८७५ पासून आहे, मद्रासचे तिचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय १९२० चे. तिथून आणि अशाच संस्थांतून हे खेळ देशभर पसरले. आज आमच्या खेड्यापाड्यांत संध्याकाळी दोन बांबूंना जाळी बांधून पोरे 'हॉलीबॉल' खेळतात, तो मुळात तरुणांना प्रार्थनेकडे आणण्याच्या खटपटीतला खेळ आहे हे कुणाच्या गावी नाही. खेळ रुजला, प्रार्थना वाटेत गळाली.

खरे तर त्या काळच्या अमेरिकी पुरुषाला विधी, शपथा, झगे आणि मेणबत्त्या यांचे वावडे मुळीच नव्हते. १८९७ साली एका मासिकाने अंदाज दिला होता: देशातले प्रौढ पुरुष १ कोटी ९० लाख, आणि फ्रीमेसन, ऑड फेलोज यांसारख्या बंधुसंघांचे सभासद ५५ लाखांच्या घरात. एक माणूस अनेक संघांत असे, हे धरूनही दर पाचांतला एक होतो. आठवड्याच्या संध्याकाळी हे गृहस्थ लॉजमध्ये, म्हणजे संघाच्या बैठकीत, जाऊन डोळे बांधून घेत, गुडघे टेकत, गुप्त मंत्र म्हणत. चर्चमध्ये हेच त्यांना जड जाई. लॉजमध्ये प्रत्येकाला पद होते, काम होते, आजारी पडल्यावर मदत आणि मेल्यावर विधवेला पैसे होते. चर्चमध्ये त्यांना बसून ऐकायचे होते. चर्चच्या धुरीणांनी यातून काही घेतले असते तर पुढचे शतक वेगळे गेले असते, असे मला वाटते.

त्याऐवजी त्यांनी जाहिरात केली. १९११-१२ मध्ये 'मेन अँड रिलिजन फॉरवर्ड मूव्हमेंट' निघाली. चर्चमधून तीस लाख पुरुष गायब आहेत असा तिचा दावा. वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांवर जाहिराती, न्यूयॉर्कमध्ये विजेच्या पाट्या, आणि सगळा कारभार पुरुषांच्याच हाती. त्याच काळात बिली संडे हा माजी बेसबॉलपटू शर्ट-बाह्या सरसावून व्यासपीठावर उड्या मारत प्रवचने करी, मिळमिळीत ख्रिस्ती पुरुषाची यथेच्छ टर उडवी. १९२५ साली ब्रूस बार्टन या जाहिरातवाल्याने एका खपाऊ पुस्तकात येशूला पिळदार सुतार आणि आधुनिक उद्योगाचा संस्थापक करून टाकले.

या धामधुमीत खरा बदल घडला तो पैशाच्या पेटीत. अमेरिकी स्त्रियांनी एकोणिसाव्या शतकात स्वतःची मिशन मंडळे उभी केली होती. वर्गणी त्यांची, हिशेब त्यांचा, परदेशी कुणाला पाठवायचे ते त्या ठरवीत. बॉस्टनचे वुमन्स बोर्ड १८६८ चे. आपल्या अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मुलींच्या शाळेला त्याचाच आधार. प्रेस्बिटेरियन स्त्रियांचे मंडळ १९२३ मध्ये आणि हे बॉस्टनचे १९२७ मध्ये मुख्य, म्हणजे पुरुषांच्या, मंडळांत विलीन करण्यात आले. कार्यक्षमता हे कारण दिले गेले. पुरुष परत आले की नाही यावर वाद घालता येईल. बायकांच्या हातून तिजोरी गेली यावर नाही.

नंतरच्या मोहिमांत सर्वांत मोठी, आणि मला सर्वांत कुतूहलाची वाटते ती प्रॉमिस कीपर्स. कोलोराडो विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक बिल मॅकार्टनी यांनी १९९० साली ती सुरू केली. १९९१ मध्ये सुमारे ४,२०० पुरुष जमले, १९९३ मध्ये ५०,०००, आणि १९९६ मध्ये २२ मैदाने मिळून दहा लाखांवर. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर लाखो पुरुष गुडघे टेकून रडले. स्त्रीवादी संघटनांनी निदर्शने केली, कारण बायकोकडून घराचे नेतृत्व परत घ्या, असा सूर या मंडळींत होताच. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. सभासदांनी द्यायच्या सात वचनांतले एक वर्णभेद ओलांडण्याचे होते आणि मॅकार्टनी ते मनापासून मांडत. तो विषय निघाला की टाळ्या थांबत, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. मित्राच्या गळ्यात पडून रडणे गोऱ्या मध्यमवर्गीय पुरुषाला परवडत होते, काळ्या शेजाऱ्याचे देणे मान्य करणे परवडत नव्हते. १९९८ मध्ये तिकीट रद्द केले, पैसा आटला आणि सगळ्या पगारी सेवकांना घरी पाठवावे लागले. संघटना पुढेही राहिली, ती लाट परत आली नाही.

मग पुस्तके आली. जॉन एल्ड्रेज यांचे 'वाइल्ड अ‍ॅट हार्ट' २००१ चे: लढायला रण, भटकायला रान आणि वाचवायला सुंदरी, एवढे मिळाले की पुरुषाचे मन भरते, असा त्याचा गाभा. लाखांनी खपले. मेक्सिकोतल्या 'ला फॅमिलिया' या अमली पदार्थांच्या टोळीचा म्होरक्या आपल्या माणसांना एल्ड्रेज यांची पुस्तके वाचायला लावत असे. यात लेखकाचा दोष नाही, पण वाचकांनी रण कोणते निवडले ते पाहण्यासारखे आहे. सिअ‍ॅटलच्या मार्स हिल चर्चचे मार्क ड्रिस्कॉल यांनी तर मवाळ येशूची टिंगल हाच धंदा केला. १९९६ ला सुरू झालेल्या या चर्चला भरात असताना दर आठवड्याला बारा-तेरा हजार लोक येत, त्यांत तरुण पुरुष भरपूर. सहकाऱ्यांवर दमदाटी केल्याच्या तक्रारींनंतर २०१४ च्या ऑक्टोबरात ड्रिस्कॉल यांनी राजीनामा दिला आणि वर्ष संपता संपता चर्चच विसर्जित झाले.

ख्रिस्ती भक्तीची भाषाच बायकी, म्हणून पुरुष पळतात, असा एक विद्वान युक्तिवाद आहे. लिऑन पॉडल्स यांनी १९९९ च्या पुस्तकात मध्ययुगातल्या वधूभावाच्या भक्तीवर खापर फोडले: आत्मा नवरी, ख्रिस्त नवरा, हे पुरुषाला कसे पेलावे? पंढरीची वाट माहीत असलेल्या वाचकाला यावर हसू येईल. ज्ञानेश्वरांनी विरहिणी लिहिल्या, विठ्ठलाला विठाई केले गेले, आणि मिशाळ शेतकरी लाखोंनी तीन आठवडे चालत, फुगड्या घालत, एकमेकांना 'माउली' म्हणत जातात. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, त्यांनी आपल्या अभंगांतून ख्रिस्तालाही आईच्या नात्याने आळवले. मराठी ख्रिस्ती मंडळीत त्यामुळे पुरुष घटले असे कुणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

किंबहुना आपल्याकडे गणित उलटेच होते. नारायण शेषाद्री, बाबा पदमनजी, टिळक, हे पुरुष ख्रिस्ती धर्मात आधी गेले. घरच्या बायका मागे राहिल्या, रडल्या, भांडल्या. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त ती वर्षे ज्या मिस्कीलपणे सांगितली आहेत, त्यापुढे बेटकुळ्यांचे सगळे साहित्य फिके पडते. नंतर नगर-जालना भागातल्या महार-मांग वस्त्यांत मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांत पुरुषांना काम होते: कुणी शाळेचा मास्तर, कुणी गावोगाव फिरणारा प्रचारक, कुणी हातात चिपळ्या घेऊन ख्रिस्ती कीर्तन करणारा. आणि अंगमेहनत पुरुषाची म्हणायची तर केडगावी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनात बायकांनी शेती केली, छापखाना चालवला आणि रमाबाईंचे बायबलचे मराठी भाषांतर त्याच छापखान्यात तयार केले.

गोव्यातल्या चर्चमध्ये प्रवचन चालू असताना पुरुष बाहेर उभे राहून गप्पा छाटतात ही तिथली नेहमीची थट्टा. कित्येक घरांतला कर्ता तर बोटीवर. तो मिस्साला नसतो कारण तो समुद्रात असतो. पण फेस्ताच्या दिवशी कोन्फ्रारियाचे, म्हणजे बंधुसंघाचे, तेच पुरुष लाल ओपा-मुर्स हा झग्याचा पोशाख चढवून मिरवणुकीत हजर होतात, गाववाल्याच्या मयतीला पुढे असतात. या कोन्फ्रारियांत जातीची भांडणे पिढ्यान् पिढ्या चालली आहेत, त्यांचे गोडवे गायचे कारण नाही. तरी तिथे पुरुष येतो, कारण तो नसेल तर एक जागा रिकामी दिसते. ज्यूंच्या सनातनी प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, म्हणून दहावा माणूस धावत येतो. कोकणातले बेने इस्रायली ज्यू इस्रायलला गेल्यावर इथल्या सिनेगॉगांत तो दहावा मिळेना. मुसलमान पुरुषाला शुक्रवारची सामुदायिक नमाज कर्तव्य आहे. प्यू संस्थेच्या २०१६ च्या जागतिक पाहणीत ख्रिस्ती समाजात स्त्रिया प्रार्थनेला जास्त जातात आणि मुसलमान समाजात पुरुष, हे स्पष्ट दिसले. पुरुषाच्या रक्तातच धर्म कमी, हा सिद्धान्त इथे लंगडा पडतो. अर्थात कर्तव्य फक्त पुरुषांचे ठरवले की बाई सज्जात किंवा घरी राहते. ती किंमत मला मान्य नाही.

आता अमेरिकेत वारे फिरले आहे. सर्व्हे सेंटर ऑन अमेरिकन लाइफच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे वडीलधाऱ्या बूमर पिढीत धर्म सोडणाऱ्यांत ५७ टक्के पुरुष होते. सध्याच्या तरुण, जेन झी पिढीत ५४ टक्के स्त्रिया आहेत. याच सुमारास, २०२३ मध्ये, सदर्न बॅप्टिस्ट महासंघाने सॅडलबॅक या आपल्या सर्वांत मोठ्या चर्चांपैकी एकाला बाहेर काढले, कारण तिथे एक स्त्री पाळक होती. पुरुषांची टक्केवारी वाढवायचा हाही एक मार्ग झाला: बायकांना उठून जायला लावायचे.

नगर, पुणे, वसईच्या मंडळ्यांत हल्ली पुरुषांसाठी खास शिबिरांची भाषा ऐकू येते, वक्तेही तिकडचीच पुस्तके वाचून येतात. भरवायचे तर भरवा. पण त्याआधी पंचकमिटीने आपल्या मंडळीतली कामे कागदावर मांडावीत: आजाऱ्याकडे कोण जाते, दफनाची धावपळ कोण करते, म्हाताऱ्यांना दवाखान्यात कोण नेते, संडे स्कूल कोण घेते. ज्या कामापुढे पाच बायकांची नावे आहेत तिथे दोन पुरुषांना बोलवा, त्यांच्या हाताखाली काम करायला. महिला मंडळाची पेटी मात्र महिला मंडळाकडेच राहू द्या.