क्राफ्ट, क्रिस्टोफर कोलंबस
(२८ फेब्रुवारी १९२४–२२ जुलै २०१९). अमेरिकन वैमानिकीय अभियंते व अवकाश प्रशासक. मानवी अवकाशोड्डाणांचे जमिनीवरून नियंत्रण करण्याच्या पद्धतीचे प्रमुख शिल्पकार. जन्म व्हर्जिनिया राज्यातील फीबस येथे. लहानपणी हात भाजलेला असल्यामुळे दुसऱ्या महायुद्धात नौदलाने त्यांना नाकारले. व्हर्जिनिया पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटची वैमानिकीय अभियांत्रिकीची पदवी (१९४४) घेऊन ते राष्ट्रीय वैमानिकी सल्लागार समितीच्या लँग्ली येथील प्रयोगशाळेत दाखल झाले (१९४५). वाऱ्याच्या झोतांमुळे विमानास बसणारे हिसके कमी करणे हा तेथील त्यांच्या संशोधनाचा एक विषय होता.

१९५८ मध्ये या समितीचे राष्ट्रीय वैमानिकी व अवकाश प्रशासनात (नासात) रूपांतर झाले. मर्क्युरी या पहिल्या समानव कार्यक्रमासाठी रॉबर्ट गिलरुथ यांच्या नेतृत्वाखाली नेमलेल्या गटात क्राफ्ट यांची निवड झाली. यानातील एकट्या अंतराळवीरास सर्व यंत्रणांवर लक्ष ठेवणे शक्य नव्हते. म्हणून यानाकडून रेडिओद्वारे येणारी मापने जमिनीवरील तज्ञांनी सतत तपासावीत आणि त्यांची मते ऐकून एकाच उड्डाण संचालकाने निर्णय द्यावा, अशी रचना क्राफ्ट यांनी केली. पहिले उड्डाण संचालक तेच होत.

२१ नोव्हेंबर १९६० रोजी निर्मनुष्य यान वाहणारा रेडस्टोन अग्निबाण सु. १० सेंमी. उचलला जाऊन पुन्हा तळावर टेकला. इंधनाने भरलेल्या त्या अग्निबाणाच्या टाकीस बंदुकीने भोके पाडावीत, अशीही एक सूचना पुढे आली. क्राफ्ट यांनी ती फेटाळली व विद्युत् घट उतरेपर्यंत वाट पाहिली. काय करावे हे कळत नसेल, तर काहीच करू नये, हा त्यांचा दंडक झाला.

त्यांच्या अधिकाराचा खरा प्रश्न २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन यांच्या उड्डाणात उपस्थित झाला. यानाची उष्णतारोधक ढाल सैल झाल्याचा संकेत आला. ढाल खरोखरच सुटली असती, तर यान वातावरणात जळून गेले असते. संकेत खोटा असल्याचे क्राफ्ट यांचे मत होते. परंतु वरिष्ठांनी ते बाजूस सारून ढालीवर बांधलेला रोधक अग्निबाणांचा संच न टाकताच यान उतरविण्यास सांगितले. ग्लेन सुखरूप परतले. दोष एका स्विचाचा असल्याचे पुढे आढळले. यानंतर उड्डाण चालू असता संचालकाचाच शब्द अखेरचा राहील, हे तत्त्व क्राफ्ट यांनी नियमांत रूढ केले. दूरवरून बैठकीत घेतलेल्या निर्णयापेक्षा मापने समोर असणाऱ्याचा निर्णय अधिक विश्वसनीय, असा त्यामागील विचार होता.

जून १९६५ मधील जेमिनी-४ पासून नियंत्रण ह्यूस्टन येथून होऊ लागले. चांद्र अवतरण यान तयार नसताना अपोलो-८ थेट चंद्राकडे धाडण्याची कल्पना ऑगस्ट १९६८ मध्ये निघाली. आपल्या तज्ञांशी विचारविनिमय करून क्राफ्ट यांनी तिला संमती दिली व डिसेंबरात ती सफल झाली. १९७२–८२ या काळात ते ह्यूस्टन येथील केंद्राचे संचालक होते. स्कायलॅब, अपोलो-सोयूझ व अवकाश शटलाची पहिली उड्डाणे या काळातील होत.

निवृत्तीनंतरचे त्यांचे एक कार्य मात्र वादग्रस्त ठरले. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९५ मध्ये शटल ही परिपक्व व विश्वसनीय प्रणाली मानून तिचे संचालन एकाच कंत्राटदाराकडे सोपविण्याची शिफारस केली. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया शटल नष्ट होऊन सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अपघाताच्या चौकशी मंडळाने हे मूल्यमापन वस्तुस्थितीशी विसंगत ठरविले. संशयास्पद संकेताची कसून छाननी करणाऱ्या क्राफ्ट यांच्या नावाशी हा अहवाल जोडला जावा, हे आश्चर्यकारक आहे.

'फ्लाइट' हे त्यांचे आत्मचरित्र २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रास त्यांचे नाव देण्यात आले. ह्यूस्टन येथे त्यांचे निधन झाले.