तिरक्या कापाची गोधडी

ठाणं असो, कल्याण असो की डोंबिवली, माळ्यावर किंवा पलंगाच्या पेटीत एखादी जुनी गोधडी बहुधा सापडतेच. उलगडून पाहा. चौकोनी ठिगळं पुष्कळ दिसतील. पण त्रिकोणांची नक्षी असली, की आपण म्हणतो, "वा, काय सुंदर!" तीच शिवायला सांगा, की भल्याभल्यांना कंटाळा येतो. का बरं?

एक सुती रुमाल घ्या. समोरासमोरच्या कडा धरून ओढा. फारसा ताणत नाही ना? आता समोरासमोरचे कोपरे धरून ओढा. ताणला! कापडाचे धागे उभे-आडवे असतात. तिरकं कापलं, की कड सैल पडते, टोकं जुळत नाहीत.

आता गणित! १०० चौकोनांच्या कडा ४००. प्रत्येक चौकोन तिरका कापला, तर त्रिकोण २०० आणि कडा ६००. प्रत्येक कड आत दुमडायची, त्यातल्या २०० तिरक्या!

कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका 'कवंदी' शिवतात. कडेपासून धावदोरा घालत फिरत फिरत मध्यापर्यंत जायचं. शेवटी चारही कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची 'फुलं' लावायची. ऊब त्याशिवायही मिळते. पण फुलांवाचून कवंदी त्यांना उघडी वाटते!

म्हणून जुनी गोधडी टाकायला निघालात, तर आधी तिचे त्रिकोण मोजा. आजीला विचारा, "हे कुणी शिवलं गं?" मग दोन चिंध्यांचा एक तिरका जोड स्वतः शिवून पाहा. किती वेळ लागतो, ते कळेलच!